38 टक्के हळद गेली कुठे?

फार्मसीत पीएचडी करताना निम्मा दिवस काचसामान धुण्यात जातो, ते सोडा. पण पीएलजीएची, म्हणजे औषध भरायचे बारीक कण ज्याचे करतात त्या पॉलिमरची, बाटली उघडावी तर मीच. उणे 20 अंशांवरून काढलेली बाटली लगेच उघडली तर हवेतली वाफ आत जमते, आणि हे पॉलिमर तर पाण्यानेच तुटतं. म्हणून आधी ती डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवायची, गारवा पुरता गेला की मगच झाकण फिरवायचं. लॅबमध्ये बाकी कोणाला एवढा धीर नसतो.

त्यात कर्क्युमिन भरायचं होतं. हळदीतलं हे द्रव्य पाण्यात विरघळायला तयारच नसतं. दोन्ही ॲसिटोनमध्ये विरघळवून पीव्हीएच्या (हे कणांना एकमेकांना चिकटू देत नाही) पाण्यात थेंबथेंब सोडलं, कण छान 200 नॅनोमीटरच्या आसपास आले. ते डायलिसिसच्या पिशवीत (सुटं औषध बाहेर झिरपतं, कण आतच राहतात) भरून 7.4 पीएचच्या बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, 37 अंशांवर ठेवले. बाहेर आलेलं कर्क्युमिन विरघळायला मदत करणारं, साबणासारखं ट्वीन 80 नावापुरतं. जास्त घातलं की फेस होतो म्हणून सरांना आवडत नाही.

48 तासांनी बाहेर आलेल्या कर्क्युमिनचा आलेख 18 टक्क्यांवर सपाट. औषध हळूहळू सुटतंय म्हणून सर खूश. "सस्टेन्ड रिलीज म्हणतात ते हेच!" पोस्टर छापायला गेलं.

पिशवीत काय उरलं हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. मी सहज ती फोडून ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवली. भरलं होतं त्याच्या 44 टक्के निघालं. 18 आणि 44, 62. उरलेले 38? काचेला चिकटलं म्हणून बीकर खंगाळून पाहिलं, काही नाही. ओढणीवरचा हळदीचा डाग आई उन्हात टाकून घालवते. पण आमच्या बीकरला फॉइल होती, उजेडावर आळ घेता येईना.

मग कण नाहीत, पिशवी नाही, नुसत्या बफरमध्ये इथेनॉलमधलं कर्क्युमिन टाकलं आणि समोर बसून राहिले. अर्ध्या तासात पिवळा रंग उतरला. 7.2 पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये अर्ध्या तासात सुमारे 90 टक्के कर्क्युमिन मोडतं, हे 1997 सालीच छापून आलंय. मी ते वाचलंही होतं! 425 नॅनोमीटरच्या प्रकाशात आम्ही फक्त जिवंत, न मोडलेली हळद मोजत होतो. बाहेर पडून मेलेली हिशेबातच नव्हती.

सर म्हणाले, "पुढच्या पेपरात बघू." पोस्टर अजून कॉरिडॉरमध्ये आहे, 18 टक्क्यांच्या रेषेसकट.

मला मात्र ते 44 सतावतात. पिशवीतली हळद 48 तास टिकली, ती पीएलजीएने सांभाळली म्हणून, की कणांबाहेर स्फटिक होऊन नुसती तळाशी पडून होती म्हणून? त्या दिवशी मायक्रोस्कोपखाली एक थेंब ठेवला असता तर कळलं असतं. मी सगळीच विरघळवून बसले होते.