गन कॅमेऱ्यात दिसतं ते आणि पडतं ते

दुसऱ्या महायुद्धातली ती थरथरणारी काळी-पांढरी फिल्म बघितली असेलच, समोर विमान, त्यातून धूर आणि फट्कन संपलं. ते कुठल्या कॅमेरामनने काढलेलं नाही. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखात जी-४५ नावाचा १६ मिमीचा छोटा कॅमेरा असायचा, पायलटने गनचं बटण दाबलं की तोही चालू. शेजारीच गन धडाडतायत म्हटल्यावर चित्र हलणारच. खाली उतरलं की फिल्म काढून धुवायची आणि इंटेलिजन्सवाले पडद्यावर लावून बघणार, पायलट साहेब म्हणतायत तसं खरंच झालंय का.

गरज होतीच. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडली असं जाहीर केलं, खरी पडली होती साठेक. मुद्दाम थापा नव्हत्या हो, एकाच विमानावर तिघं गोळ्या झाडतात, ते ढगात गडप होतं आणि तिघांनाही वाटतं आपणच पाडलं.

मला विचाराल तर कॅमेऱ्याचा खरा उपयोग शिकवायला. फ्रेममध्ये समोरच्या विमानाचे पंख किती मोठे दिसतात ते मोजलं की अंतर निघतं, मग 'अगदी जवळून मारलं' म्हणणाऱ्याला दाखवता येतं की बाबा तू फार लांबून गोळ्या उडवत होतास! पहिल्या महायुद्धात तर लुईस गन या मशीनगनसारखा दिसणारा कॅमेराच होता, गोळ्या नाहीत, नुसते फोटो, सरावासाठी.

पाडापाडीच्या बाबतीत मात्र फिल्मवर डोळे झाकून विश्वास नको. आपलीच बोयराची हवाई चकमक घ्या, पूर्व पाकिस्तानच्या म्हणजे आजच्या बांगलादेशच्या सीमेजवळची, २२ नोव्हेंबर १९७१. भारतीय हवाई दलाच्या २२ स्क्वाड्रनच्या चार नॅट लढाऊ विमानांनी कोलकात्याच्या डमडमवरून उडून पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानं गाठली, गन कॅमेऱ्याचे फोटो अजूनही फिरतात, आणि दावा तीन पाडल्याचा. दोन नक्की पडली, त्यांचे पायलट पॅराशूटने उतरले आणि पकडले गेले, त्यातले परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले, बोला! तिसरं सेबर मार खाऊनसुद्धा ढाक्याला परत पोचलं. गोळ्या लागलेल्या फिल्मवर दिसतात पण बटण सोडलं की थोड्याच वेळात कॅमेरा बंद, पुढे ते विमान पडलं की घरी गेलं हे त्याला कुठून कळणार? गंमत म्हणजे त्या तिसऱ्या पायलटनेही एक नॅट पाडल्याचा दावा केला होता, आणि आपली चारही सुखरूप परत आली होती.