गॅब्रिएल बेटाच्या फेरीचे पैसे भरण्याआधी: मॉरिशसमध्ये गिरमिटियांच्या खुणा शोधताना

मॉरिशसच्या उत्तर टोकाच्या ग्रां बे गावाहून उत्तरेकडच्या बेटांवर कॅटमरानने, म्हणजे जोड-सांगाड्याच्या शिडाच्या बोटीने, जाणारी सहल ‘निसर्ग आणि इतिहास’ या नावाखाली विकत असतील तर अर्धं खोटं आहे. निसर्ग मिळतो. इतिहासाचा एक शब्दही बोटीवर कोणी काढत नाही. माहितीपत्रकावर फ्लॅट आयलंडचं दीपगृह छापलेलं असतं, पण नांगर पडतो तो फ्लॅट आयलंड आणि गॅब्रिएल यांच्यामधल्या उथळ पाण्यात. तिथून छोट्या होडीने गॅब्रिएलच्या वाळूवर सोडतात. दीपगृह समोर दिसतं, पण त्याच्या पायथ्याला पाय लागत नाही.

तरीही जाणाऱ्यांनी आपण कुठे उभे आहोत हे आधी वाचून जावं. जानेवारी 1856 मध्ये ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ ही कलकत्त्याहून गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, घेऊन आलेली दोन जहाजं मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईला पोचली. जहाजांवर पटकी (कॉलरा) होती. दोनच वर्षांपूर्वी, 1854 साली, पटकीने पोर्ट लुईत हाहाकार माजवला होता, त्यामुळे गावाला या लोकांची सावलीसुद्धा नको होती. सहाशेहून जास्त माणसं गॅब्रिएलवर उतरवली गेली. निवारा अपुरा, औषधं अपुरी, पिण्याच्या पाण्याची बोंब. जवळजवळ तीनशे माणसं तिथे मेली. हिंदुस्थान सरकारने त्यानंतर मॉरिशसला मजूर पाठवणं काही काळ थांबवलं, आणि तेव्हा कुठे फ्लॅट आयलंडवर कायमचं विलगीकरण केंद्र उभं राहिलं. केंद्राचे अवशेष आणि दफनभूमी त्या बेटावर आहे, म्हणजे सहल जिथे उतरवत नाही तिथे. गॅब्रिएलवर आज मासळी भाजतात आणि स्नॉर्कलिंग करतात.

आता वाटेबद्दल. वाटेतल्या कोआं द मीर बेटाच्या उभ्या कड्याच्या आडोशापर्यंत सगळं गोड असतं, फोटो निघतात, लोक बोटीच्या पुढच्या टोकाला ताणलेल्या जाळीवर आडवे होतात. कडा मागे पडला की उघडा समुद्र लागतो. वारा आग्नेयेकडून येतो, बोट जाते उत्तरेला, म्हणून लाटा कुशीवर बसतात आणि बोट पुढे-मागे न हलता डावी-उजवीकडे डोलते. पोट बिघडवणारी हालचाल हीच. परतीलाही तेच, फक्त दुसऱ्या कुशीवर आणि जेवण झालेल्या पोटावर. जून ते सप्टेंबर वारा सगळ्यात जोरात असतो. त्या महिन्यांत ही फेरी विकत घेणं म्हणजे उलटीचे पैसे मोजणं. उलटी न होण्याची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची, कोआं द मीर दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. बसायचं मागे आणि मध्यभागी. जाळीवर बसलात तर नखशिखान्त भिजाल, आणि जमा झालेली माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात ती वेगळीच.

पैशाचं जास्त लागलं, म्हणून सविस्तर. भाव आधी युरोत सांगतात, पैसे घेताना रुपयांत, आणि दर त्यांचा. दुसरं म्हणजे तिथला रुपया आपला रुपया नव्हे. तो आपल्या पावणेदोन ते दोन रुपयांच्या घरात जातो. ‘दोन हजार’ ऐकून आपली माणसं सहज मान डोलावतात आणि हिशेब रात्री हॉटेलवर करतात. हॉटेलवरून नेणं-आणणं, स्नॉर्कलिंगचं सामान आणि पेयं किमतीत आहेत की वर, हे तोंडी ठरवू नका. मेसेजवर लिहून घ्या: कोणत्या बेटावर उतरवणार, किती वेळ, आणि हवामानामुळे पुढे गेलोच नाही तर पैसे परत मिळणार का. हा शेवटचा प्रश्न विचारला की समोरच्याचा सूर बदलतो, त्यावरूनच काय ते समजा. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगा. ऐनवेळी पाव, सॅलड आणि केळं यांवर बोळवण होते. पाण्यात घालायचे बूट हवेतच. वाळूचा पट्टा संपला की धारदार खडक सुरू होतो.

स्पष्टच सांगायचं तर, फक्त इतिहासासाठी ही फेरी करू नका. विलगीकरणाची जागा जमिनीवरूनच पाहायची असेल तर ग्रां बेजवळच्या पॉइंट ओ कानोनिए इथे जा. एकेकाळी तिथेही विलगीकरणाची सोय होती. आज ती जागा एका हॉटेलच्या आवारात आहे आणि जुन्या दीपगृहाचे अवशेष तिथेच आहेत. फाटकावर विचारल्याशिवाय आत घुसू नका.

खरी जागा पोर्ट लुईतला आप्रवासी घाट, म्हणजे मजूर जिथे उतरत तो धक्का. प्रवेश फुकट. शनिवारी अर्धा दिवस, रविवारी बंद, म्हणून रविवारच्या ‘सिटी टूर’मध्ये घाटाचं नाव असेल तर तुम्हाला तो कुंपणाबाहेरून दिसणार. मेट्रोचं पोर्ट लुईमधलं टोकाचं स्टेशन जवळच आहे, टॅक्सीची गरज नाही. आवार लहान, जेमतेम 1640 चौरस मीटर. 1849 पासून इथे आलेल्या मजुरांना ठेवण्याचा डेपो होता. त्याचा मोठा भाग पुढे मोटरवेच्या रस्त्याखाली गेला, त्यामुळे आत उभं राहून वाहनांचाच आवाज ऐकू येतो. 2006 साली जागतिक वारसा यादीत नाव गेलं म्हणून भव्य काही असेल अशी अपेक्षा ठेवून येणारे वीस मिनिटांत बाहेर पडतात. चूक करतात. आधी शेजारच्या माहिती केंद्रात तासभर घालवा, मगच अवशेष पाहा. उलट केलंत तर नुसत्या दगडी भिंती दिसतील.

काय शोधायचं ते सांगतो. जहाजातून उतरल्यावर चढायच्या दगडी पायऱ्या, मजुरांची शेड, स्वयंपाकाची जागा, दवाखान्याचा भाग, शौचकूप. साधारण दोन दिवस इथे ठेवून मळेवाल्यांच्या हवाली करत. 1834 ते 1920 या काळात जवळपास साडेचार ते पाच लाख माणसं मॉरिशसच्या या वाटेने गेली. शौचकुपांकडे नीट पाहा. पटकीच्या धसक्यानंतर मजुरांच्या स्वच्छतेवर सरकारने खर्च केला तो मजुरांच्या प्रेमापोटी नाही, मळ्यांचा पुरवठा तुटू नये म्हणून.

मॉरिशसच का, याचं उत्तर केंद्रातल्या फलकांवर तुकड्यातुकड्यांत आहे, ते जोडून घ्यावं लागतं. इंग्रजांनी 1810 मध्ये बेट फ्रेंचांकडून घेतलं. 1825 मध्ये इथल्या साखरेवरची लंडनमधली जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच केली, आणि बेटभर ऊस झाला. 1 फेब्रुवारी 1835 ला गुलामगिरी संपली. सुमारे 66,000 गुलाम मोकळे झाले आणि मालकांना ब्रिटिश तिजोरीतून सुमारे 20 लाख पौंड नुकसानभरपाई मिळाली. भरपाई मालकांना, गुलामांना नव्हे. मळे चालवायला माणसं हवीच होती. 2 नोव्हेंबर 1834 ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून 36 जणांची पहिली तुकडी उतरली होती, आणि हा दिवस आजही तिथे सुट्टीचा आहे. करार पाच वर्षांचा, पुरुषाला दरमहा 5 रुपये, वर तांदूळ-डाळ. कागदावर वाईट नाही. पण एक दिवस कामावर गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापत. या दुहेरी कपातीमुळे आजारी पडलेला माणूस महिनाअखेर देणेकरी होत असे. करार संपला तरी सुटका नव्हती. 1867 च्या कायद्याने जुन्या मजुरांना फोटो लावलेलं तिकीट सतत जवळ बाळगावं लागे. ते नसेल तर भटक्या म्हणून पोलीस पकडत. या जाचाविरुद्ध अडॉल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याने 1871 मध्ये 9401 सह्यांचा अर्ज तयार केला, त्यातून 1872 चा रॉयल कमिशन, म्हणजे ब्रिटिश सरकारचा चौकशी आयोग, आला. हा भाग समजल्याशिवाय घाट पाहणं फुकट.

पूर्वजांचा माग काढायला जाणाऱ्यांसाठी मोका इथली महात्मा गांधी संस्था आहे, मजुरांच्या नोंदवह्या तिथे आहेत. सरळ दारात जाऊन उभं राहू नका, आधी पत्र लिहून वेळ घ्या. हातात काहीच नसेल तर नावावरून शोध जवळजवळ अशक्य. हवा तो मजुराचा क्रमांक, आणि तो बहुधा तिथल्या नातेवाइकांकडच्या जन्माच्या किंवा लग्नाच्या जुन्या दाखल्यावर सापडतो. नोंदीत जहाज, वय, उंची, बापाचं नाव, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण असं सगळं असतं. आपल्या लोकांसाठी दोन अडचणी. कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने मुंबई बंदरातून गेलेले थोडे, आणि त्यांतले बहुतेक 1860 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच गेले. उतरताना फोटो काढण्याची पद्धत साधारण तेव्हाच सुरू झाली, त्यामुळे उतरतानाचा फोटो मिळायची आशा कमी. 1867 नंतरच्या तिकिटांचे फोटो मात्र विचारा. दुसरी अडचण लिपीची. रत्नागिरी, सावंतवाडी, मालवण ही नावं साहेबाच्या कानाला जशी लागली तशी लिहिली आहेत. डोळ्यांनी शोधू नका, मोठ्याने वाचा.

बो प्लां इथलं साखर संग्रहालय, म्हणजे 1999 साली बंद पडलेला कारखाना, चांगलं आहे. तिकीट महाग आणि शेवटी साखर-रम चाखण्याचा काउंटर. यंत्रांतच रमून वेळ संपवू नका, मजुरांचा आणि गुलामांचा भाग सकाळी डोकं ताजं असताना वाचा. शेजारची पांपलमूसची बाग सगळेच पाहतात, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

ल मॉर्न डोंगराबद्दल थोडक्यात. 556 मीटरचा हा सुळका पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता, 2008 पासून तोही वारसा यादीत आहे. गुलामगिरी संपल्याचं सांगायला आलेल्या शिपायांना पाहून वरच्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी मौखिक कथा आहे. पायवाट फुकट, फाटकावर नाव लिहायचं. पहिला टप्पा जीपरस्त्यासारखा, त्याला वाटाड्या लागत नाही, कोणी कितीही सांगो. शेवटचा टप्पा हातपाय टेकून चढायचा दगड आहे. सह्याद्रीत कातळकडे चढलेल्यांना अवघड नाही, पण रात्री पाऊस पडून गेला असेल तर परत फिरा. बसाल्ट ओला झाला की बुटाचा तळ धरत नाही, आणि उतरताना तर मुळीच नाही. सकाळी सातला सुरुवात करा, दहानंतर खडक तापतो.

मराठी वस्तीची खूण पाहायची तर पश्चिमेला कास्कावेल. टॅक्सीवाल्याला नुसतं कास्कावेल म्हणालात तर तो मॉलला नेतो, ‘मराठी मंदिर’ म्हणून सांगा. वाकोआच्या बाजूला आन्रिएता गावात 1896 साली गणेशोत्सव झाला, बेटावरचा पहिला म्हणून तोच सांगितला जातो. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी गेलात तर कोकणातल्या जाखडी या लोकनृत्याशी नातं सांगणारं ‘झाकरी’ नृत्य बघायला मिळेल, पण कार्यालयं, संग्रहालयं सगळी बंद. मोका गावातलं नोंदवह्यांचं काम आदल्या दिवशी उरका. खेड्यांतल्या बस संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास संपतात. विसर्जन बघत थांबायचं असेल तर परतीची टॅक्सी दुपारीच ठरवून ठेवा, कारण अंधार पडल्यावर भाव दुप्पट सांगतात आणि तुमच्याकडे दुसरा इलाज नसतो.