माडांचा शर्ट

शनिवार, रात्रीचा दीड

झोप नाही. मघापासून एक शर्ट डोळ्यांपुढून हलत नाही. स्वस्तातला, माडांची झाडं छापलेला.

'मिडनाइट काउबॉय' आज तिसऱ्यांदा पाहिला. 1969चा. कॉलेजात पहिल्यांदा पाहिला तो एक्स, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, प्रमाणपत्र असूनही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, या कुतूहलापोटी. तेव्हा नजर फक्त जो बकवर. टेक्ससमध्ये भांडी विसळणारा पोरगा, झालरीचं जाकीट घालून, ट्रान्झिस्टर कानाशी धरून न्यूयॉर्कला निघालेला. शहर आपलीच वाट बघतंय अशी खात्री. आजऱ्याच्या गाडीतून परळला उतरलो तेव्हा मलाही तेच वाटलं होतं. पुढचं जाऊ दे.

आज त्याला न्यूयॉर्कात भेटणारा रिझोच दिसत राहिला. लंगडा, खोकून खोकून पिळवटलेला. आधी जोचे वीस डॉलर लुबाडतो, मग पाडायला काढलेल्या इमारतीतल्या आपल्या गारठलेल्या खोलीत त्यालाच जागा देतो. शेवटी जो त्याला बसने फ्लोरिडाला नेतो. वाटेत रिझोची पँट ओली होते. तो रडतो. जो पुढच्या थांब्यावर उतरतो, दोघांना नवे कपडे घेतो, स्वतःचे ते लाडके बूट कचऱ्यात टाकतो. रिझोला माडांचा शर्ट. मग बसमध्ये बोलत बसतो, आता धड काम बघीन म्हणतो. शेजारून उत्तर येत नाही.

जो बसमध्ये चढला. मी चढलो नव्हतो.

आजारी अण्णा गावी निघाला, त्या रात्री त्याला बसमध्ये खिडकीची जागा मिळवून दिली, पाण्याची बाटली दिली, पार्ले-जीचा पुडा दिला. सकाळी पहिली पाळी होती, हे खरं. पण रजा मी मागितलीच नव्हती, हेही खरं. त्याच्या अंगात तोच निळा शर्ट, कॉलर उसवलेली. डेपोबाहेर हातगाडीवर दीडशेचे शर्ट लटकत होते. मी बघितले होते. खिशात पैसे होते.

उद्या माझ्यावर तशी वेळ आली तर शेजारच्या सीटवर कोण बसेल? घरचे आहेत, पण... नको, हा विषय नको. आत्ता स्वतःसाठी रडू येतंय, याचंच वाईट वाटतं.

अण्णा बरा आहे. गोळ्यांचा कोर्स नेमाने पुरा केला, आता काजू बघतो. रोज सव्वासहाला त्याचं गुलाबाचं फूल येतं, 'शुभ सकाळ'. त्या रात्रीबद्दल त्याने कधी अवाक्षर काढलं नाही. बहुतेक त्याच्या लेखी तसं काही घडलंच नाही. पोचवायला आला होतास, एवढंच धरून असेल. असू दे. मला मात्र ती हातगाडी दिसते.

गणपतीला जाईन तेव्हा शर्ट नेतो. तेव्हा त्याला 38 लागायचा. परवाच्या फोटोत पोट सुटलेलं दिसलं. 42 घ्यावा.