दांडिया बाजारातील आमची बैठक

वडोदऱ्यात विमा प्रतिनिधी म्हणून काम करताना, एकाच संगणकप्रणालीशी झुंजणारे आम्ही चौघे-पाचजण दांडिया बाजारात चहाला जमू लागलो, तेव्हा अशा वापरकर्ता गटांची, म्हणजे एकच संगणक किंवा प्रणाली वापरणाऱ्यांच्या गटांची, परंपरा १९५५ इतकी जुनी असल्याची मला कल्पना नव्हती. त्या वर्षी अमेरिकेत आयबीएम ७०४ हा संगणक घेणाऱ्या संस्थांनी ‘शेअर’ हा गट स्थापला; तोच प्रोग्राम प्रत्येकाने नव्याने लिहिण्यापेक्षा एकमेकांना द्यावा, हा त्यामागचा (काहीसा काटकसरी) विचार होता. विमा व्यवसायात १९७० मध्ये ‘अकॉर्ड’ ही संस्था आली आणि कंपनीगणिक निराळ्या अर्जांना एकसारखे रूप देता देता ती संगणकीय माहितीच्या देवाणघेवाणीच्या मानकांपर्यंत पोहोचली. आमची चर्चा मात्र हप्त्याची पावती दोनदा का छापली जाते, याच प्रश्नावर अजून अडलेली आहे.