बादलीत तरंगलेली कलेजी

मे महिन्यात सकाळी सहाच्या आधी फोन वाजला की मी आधी चपला शोधतो, मग फोन उचलतो. पलीकडे विट्याजवळच्या एका लेयर फार्मचे, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या पाळणारे, आबा होते. "डाक्टर, आज अकरा पडल्या. काल आठ. कायतरी करा की ओ."

आबांच्या शेडमध्ये १२ हजार पक्षी. पांढऱ्या लेगहॉर्न जातीचे, वय ३१ आठवडे, अंडी ९३ टक्क्यांवर, म्हणजे शंभर पक्ष्यांमागे रोज ९३. एवढ्या पक्ष्यांत रोज एक-दोन मरतूक कुणी मोजतही नाही. अकरा म्हटल्यावर प्रत्येकाच्या मनात पहिलं नाव येतं ते राणीखेतचं, कोंबड्यांच्या त्या साथीच्या रोगाचं. माझ्याही आलं. पण गाडीत बसता बसता मी विचारलं, "अंडी किती घसरली?" "न्हाई ओ, अंडी तेवढीच हायत." राणीखेतची भीती तिथेच निम्मी झाली.

शेडमध्ये शिरलो तर पक्षी ठणठणीत. कुणी घरघरत नाही, कुणी मान वाकडी करत नाही, विष्ठा बरी. मेलेले पक्षी दाराजवळ पोत्यावर ओळीने ठेवले होते. अंगाने चांगले भरलेले, पिसं चकचकीत, दोघींच्या गळ्याच्या पिशवीत सकाळचं खाद्य तसंच. फक्त तुरे कागदासारखे पांढरे. शेडमधल्या मावशी म्हणाल्या, "अंडं घालायला बसती आन् तिथंच उलथती. दुपारच्या उन्हात न्हाई, सकाळीच." ते ऐकून उष्माघातही मागे पडला. मावशींच्या त्या एका वाक्याचा मला त्या दिवशी रक्ततपासणीपेक्षा जास्त उपयोग झाला.

पहिला पक्षी उघडला. कातडीखाली चरबीचा थर, पोटात पिवळीधमक चरबी बोटभर जाड. आणि त्या चरबीवर बसलेली रक्ताची गुठळी, लिंबाएवढी, काळसर लाल, डाव्या बाजूने लिव्हरला चिकटलेली. गुठळी उचलली तशी खाली लिव्हरची फाटलेली कड दिसली. लिव्हरचा रंग तपकिरी नव्हताच, हळदीच्या पाण्यात भिजवल्यासारखा होता. बोटाने दाबलं तर बोट आत गेलं आणि खड्डा तसाच राहिला. सुरी फिरवली तर पात्यावर तुपासारखा ओशटपणा. पाच पक्षी उघडले, पाचही तसेच. दोघींच्या अंडनलिकेत तयार अंडं होतं, कवचासकट.

मी लिव्हरचा एक तुकडा शेजारच्या पाण्याच्या बादलीत टाकला. तो तरंगला. आबा वाकून बघत होते. लिव्हरचा तुकडा पाण्यात बुडतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. ते काही बोलले नाहीत, फक्त बोटाने तुकडा खाली दाबला. तो पुन्हा वर आला.

आजाराचं नाव फॅटी लिव्हर हेमोरेजिक सिंड्रोम, म्हणजे चरबी चढलेलं लिव्हर फाटून आतल्या आत रक्तस्राव. टेक्सासमधल्या अंड्यावरच्या कोंबड्यांमध्ये काउच यांनी १९५६ साली फॅटी लिव्हरचं पहिलं वर्णन केलं. म्हणजे नवीन काही नाही. पण कारण शोधल्याशिवाय नाव सांगून उपयोग नसतो. आबांना म्हटलं, खाद्याचा फॉर्म्युला दाखवा.

कागद आला तेव्हा मला सगळ्यात मोठा धक्का बसला. महिन्यापूर्वी चार-पाच पक्षी मेले होते, तेव्हा कुणीतरी एक उघडून आबांना सांगितलं होतं की चरबी झालीये. आबांनी लगेच तेल बंद केलं. राइस ब्रान, म्हणजे भाताचा कोंडा, तोही बंद केला. आणि जागा भरायला मका टनामागे ५५० किलोवरून ६५० वर नेला. खाद्यात मिसळायच्या कोलीन क्लोराइडची पिशवी संपली होती, ती परत आणलीच नव्हती. "तेल घालून कलेजीला चरबी चढती म्हणल्यावर तेल कशाला घालू?" आबांचा हिशेब माणसाच्या जेवणाचा होता. त्यांचा दोष कसला? बहुतेक सगळे असाच विचार करतात. शिकत असताना मीही असाच करायचो.

मग खुराड्याच्या सावलीत पोत्यावर बसून मी त्यांना समजावलं. त्यांना कळेल अशा शब्दांत सांगता येतं का, यावरच माझी सगळी डॉक्टरकी अवलंबून होती.

गायीत चरबी मुख्यतः चरबीच्या पेशीच बनवतात. कोंबडीत तसं नाही. तिच्या शरीरात तयार होणारी जवळजवळ सगळी चरबी लिव्हरमध्ये बनते, आणि बनते ती पिष्टापासून, म्हणजे आपल्या मक्यापासून. मक्याची साखर होते, साखरेचे तुकडे होतात, आणि ते तुकडे जोडून चरबीची साखळी बनवणारी एन्झाइम्स लिव्हरमध्ये बसलेली असतात. दाराशी अ‍ॅसिटिल कोए कार्बोक्सिलेज. ते उघडलं की फॅटी अ‍ॅसिड सिंथेज साखळी विणतं. त्या विणकामाला लागणारा कच्चा माल कोंबडीत मुख्यतः मॅलिक एन्झाइम पुरवतं. पिष्ट जितकं जास्त, तितकी ही एन्झाइम्स वाढतात. खाद्यातून तयार तेल मिळालं तर ती उलट मंदावतात. म्हणजे आबांनी लिव्हरचं ओझं हलकं करायला म्हणून जे केलं, त्याने लिव्हरला दुप्पट कामाला जुंपलं. वर एकूण कॅलरीही वाढल्या होत्या. कागदावर आकडेमोड करून दाखवली. किलोला साधारण २६१० किलोकॅलरी होत्या, त्या आता २६९० च्या पुढे. तेल काढूनही.

या एन्झाइम्सची चावी हॉर्मोन्सकडे. इन्सुलिन आणि थायरॉइडचं टी-थ्री त्यांना वाढवतात. उपाशीपोटी ग्लुकागॉन वाढतं आणि ते त्यांना खाली ओढतं. आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीत या सगळ्यांच्या वर बसतं इस्ट्रोजेन.

इथे आबांचा थोरला मुलगा, जो तोवर गप्प होता, म्हणाला, "म्हंजे अंड्यासाठीच कलेजी चरबी बनवती?" बरोबर ओळखलं पोराने. एका अंड्याच्या बलकात ५ ते ६ ग्रॅम चरबी असते. वर्षाला ३०० अंडी धरा, दीड किलोच्या वर चरबी, म्हणजे कोंबडीच्या स्वतःच्या वजनाएवढी. अंडाशयातून इस्ट्रोजेन सुटलं की लिव्हर बलकाचं प्रथिन आणि चरबीचे कण बनवायला घेतं. हे कण नेहमीच्या कणांपेक्षा निम्म्याहून लहान, साधारण ३० नॅनोमीटरचे, म्हणजे अंडाशयातल्या बारीक चाळणीतून आत जाऊ शकतात. वर त्यांच्यावर एक असं प्रथिन बसवलेलं असतं की वाटेत स्नायू किंवा चरबीच्या पेशी ते फोडून घेऊ शकत नाहीत. सगळा माल सरळ बलकात. कोंबड्याला इस्ट्रोजेन टोचलं तर त्याचं लिव्हरही बलकाचा माल बनवू लागतं, अंडाशय नसताना! इतकी या हॉर्मोनची सत्ता. मला हे दरवेळी सांगताना तितकंच नवल वाटतं.

खिशातली नळी काढून दाखवली. सकाळी एका जिवंत, चांगल्या पक्ष्याचं रक्त घेतलं होतं. एव्हाना ते गोठलं होतं आणि वर आलेला द्रव दुधासारखा पांढरट होता. मुलगा दचकला. त्याला म्हटलं, हे आजाराचं लक्षण नाही, अंड्यावरच्या प्रत्येक कोंबडीचं रक्त असंच असतं. चरबीचा माल लिव्हरकडून अंडाशयाकडे निघालाय, तो वाटेत दिसतोय. अडचण होते ती माल बनतो जास्त आणि बाहेर निघतो कमी तेव्हा. बाहेर काढायला त्या कणांना वेष्टन लागतं, वेष्टनाला कोलीन लागतं. तुमची कोलीनची पिशवीच संपलेली. मग माल गोदामातच साठतो, गोदाम फुगतं, भिंती कुजतात, आणि अंडं घालताना जोर लावला की फुटतं.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे म्याच मारल्या." त्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. शेवटी एवढंच म्हटलं की आबा, ज्याने पक्षी उघडून चरबी दाखवली त्याने पुढचं अर्धं सांगायला हवं होतं.

मक्याला बुरशी नाही ना, म्हणून अफ्लाटॉक्सिनसाठी, म्हणजे बुरशीच्या विषासाठी, नमुना लॅबला पाठवला, कारण तिथेही लिव्हर पिवळं पडतं. तो स्वच्छ निघाला. फॉर्म्युला पुन्हा बांधला. मका ५४० वर, डीओसी (तेल काढलेली पेंड) थोडी वाढवली, ब्रान परत, तेल दहा किलो परत. टनामागे कोलीन क्लोराइड १ किलो, व्हिटॅमिन ई १० हजार युनिट, बी-बारा १२ मिलिग्रॅम. आबांना आधीच सांगून ठेवलं की जी लिव्हरं आतून फाटायला आलीत त्यांतली काही जातीलच, आठवडाभर आकडा बघून घाबरू नका.

पहिल्या आठवड्यात ते घाबरले. सहा, नऊ, पाच. रोज फोन. दुसऱ्या आठवड्यात चार, तीन. जूनचा पहिला पाऊस पडला तेव्हा दोन. पावसाने हवा थंड झाली, त्याचाही वाटा असणार. फॉर्म्युला, कोलीन आणि पाऊस यांच्यात श्रेय कसं वाटायचं ते मला सांगता येणार नाही, आणि जो छातीठोकपणे सांगेल त्याच्यावर माझा विश्वास बसणार नाही.

जूनच्या शेवटी रस्त्यावरून जात होतो म्हणून वळलो. त्या सकाळी पिंजऱ्याच्या जाळीत मान अडकून एक पक्षी गेला होता. मी काही म्हणायच्या आत आबांनी तो उघडायला दिला आणि स्वतः बादली भरून आणली. लिव्हर अजून थोडं फिकट होतं, पण घट्ट. तुकडा आबांनीच टाकला. क्षणभर पाण्यात मध्येच थांबला आणि मग हळूहळू तळाला गेला. आबा उठले आणि मुलाला हाक मारून म्हणाले, "कोलीनची पिशवी किती उरलीय बघ रं."