एका भ्रंशावरून दुसऱ्या भ्रंशावर
28 जून 1992 रोजी कॅलिफोर्नियातील लँडर्स येथे 7.3 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा नकाशावर वेगवेगळी नावे असलेले पाच भ्रंश (खडकातील भेगा, ज्यांच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात) एकापाठोपाठ एक फुटत गेले. तोपर्यंत भूकंपाच्या धोक्याच्या गणितात बहुधा असे धरले जाई की प्रत्येक भ्रंशाचे ठरावीक खंड असतात आणि फूट, म्हणजे भ्रंशाचे एका भूकंपात फुटत जाणे, खंडाच्या टोकाशी थांबते. ही सोय गणितासाठी होती. खडक तिला बांधील नव्हता.

कॅलिफोर्नियातील भूकंपांची शक्यता वर्तवणाऱ्या 'यूसर्फ-3' या गणिती प्रारूपाने हे बंधन सैल केले. भ्रंशांचे लहान तुकडे करून, दोन भ्रंशांमधील पाच किलोमीटरपर्यंतचे अंतर फूट ओलांडू शकते असे मानून, त्यात अडीच लाखांहून अधिक संभाव्य फुटी मांडल्या गेल्या. प्रत्येकीची वारंवारता मात्र मनाला येईल तशी ठरवता येत नाही, कारण भ्रंश वर्षाला किती मिलिमीटर सरकतो याचा हिशेब सर्व फुटींना मिळून जुळवावा लागतो. मला या प्रारूपातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते: साठलेली ऊर्जा लांब फुटींनी खर्च केली, तर मध्यम भूकंपांच्या वाट्याला कमी उरते. म्हणूनच आधीच्या प्रारूपाच्या तुलनेत 6.7च्या आसपासच्या भूकंपांची अपेक्षित वारंवारता घटली, तर तीस वर्षांत 8 किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता सुमारे 4.7 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर गेली.

2016 मध्ये न्यूझीलंडमधील कायकौरा येथे तर 7.8 तीव्रतेच्या एकाच भूकंपात वीसहून अधिक भ्रंश सरकले, आणि पाच किलोमीटरची मर्यादाही तोकडी असू शकते हे उघड झाले.