घमेल्यातली वाळू कोरडी होती

तयेची, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आदली रात्र. गणपतीच्या वर टांगायची फळा-भाज्यांची माटोळी बांधून होईपर्यंत दहा वाजले, तेव्हा कुठे माझं लक्ष गुंडूकडे गेलं. आमचा बोका संध्याकाळपासून वाळूच्या घमेल्यातच होता. बसायचा, कण्हायचा, उठून मागचं चाटायचा, पुन्हा बसायचा. "पोट साफ नाही त्याचं, थोडं एरंडेल दे," आई म्हणाली. मलाही तेच वाटलं. बाटली हातात घेतली होती.

मग वाळू चाळून पाहिली. सकाळची शी नीट होती. ओल मात्र कुठेच नव्हती.

लस देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "आज त्याला लघवी होताना तुम्ही स्वतः पाहिलीत?" मी गप्प. "बोका आहे, सकाळपर्यंत थांबू नका. दवाखाना उघडतो, निघा." दुखतंय तर पॅरासिटामॉल देऊ का, विचारलं. त्यांचा आवाजच चढला. मांजराला ती गोळी म्हणजे विष. काही पाजू नका, पोटही दाबू नका.

म्हार्दोळहून पणजी. टोपलीत टॉवेल घालून त्याला मांडीवर घेतलं, भाऊ गाडी चालवत होता. बाणस्तारीच्या पुलाआधी गुंडूला उलटी झाली. जुने गोवे येईपर्यंत त्याचं कण्हणं थांबलं आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं आठवलं की आजही पोटात कालवतं, कारण तो बरा होत नव्हता, त्याच्यातली शक्ती संपत होती.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. मूत्राशय मोसंबीसारखं टणक लागत होतं. ठोके मंदावले होते. बोक्याची मूत्रनलिका फार बारीक, बारीक खड्यांनी किंवा चिकट गाळाने बुजते, त्यांनी समजावलं. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाची लय बिघडते, एक-दोन दिवसांत जनावर जातं. मादी मांजरीत हे क्वचितच होतं. आधी सलाईन, हृदयासाठी इंजेक्शन, मग भूल देऊन कॅथेटर. नळीतून आलेली लघवी लालभडक होती.

तीन दिवस तो तिथेच राहिला. चवथीची आरती झाली की मी पणजी गाठायची. दीड दिवसाच्या गणपतीला निरोप दिला तेव्हाही मन दवाखान्यातच होतं.

घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं, पहिल्या दिवसांत पुन्हा तुंबू शकते. नुसते कोरडे दाणे बंद केले, ओलं अन्न सुरू केलं, पाण्याच्या वाट्या तीन ठिकाणी ठेवल्या.

त्या रात्री मी घमेल्याजवळ जमिनीवरच बसून होते. पहाटे तो आला, वाळू उकरली, बसला. वाटीएवढी ओल झाली. उजाडल्यावर डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, "उद्याही बघा."